धरून ठेवण्याची युक्ती

कोणत्याही हत्याराला दोन अंगे असतात, एक धार आणि दुसरी पकड. कौतुक होते ते धारेचे. पकडीची आठवण ती सैल झाल्यावरच येते. विळीचे पाते पाटात डुगडुगू लागले किंवा कुऱ्हाड दांड्यातून निसटू लागली, की मग आपण पाचर शोधायला लागतो.

आमच्या वऱ्हाडातला वखर घ्या. वर जड लाकडी खोड, खोडाला खाली दोन खुंट आणि खुंटांच्या टोकांना आडवी बसवलेली लोखंडी पास. पास जागेवर राहावी म्हणून लोखंडी कड्या ठोकून बसवलेल्या. काळ्या जमिनीत बैलजोडी ओढत असताना पास सुटता कामा नये. पण झिजली की लोहाराकडे पाजवायला न्यायची असते, तेव्हा ती फार खटाटोप न करता निघालीही पाहिजे. सुटू नये आणि तरी निघावी, अशा दोन उलट्या मागण्या आहेत. कुठल्या तरी काळी कुठल्या तरी सुताराने आणि लोहाराने मिळून त्या भागवल्या. त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. त्यांनीही कोणाकडे मोबदला मागितला नाही. सुगीला मिळणारे बलुते तेवढे घेतले.

आता प्रश्न असा, की धरून ठेवण्याच्या अशा युक्तीवर कोणाला मालकी सांगता येते का? ही चर्चा हवेतली नाही. आपल्या देशाच्या पेटंट कायद्यातला एक अत्यंत महत्त्वाचा निकाल नेमका याच प्रश्नावर आहे. तिथे पास नव्हती, पितळेची ताटली होती. आणि ती धरून ठेवायची होती लेथवर.

गोष्ट सांगण्याआधी पेटंट म्हणजे काय ते दोन शब्दांत सांगतो. माझ्यासारख्या मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या माणसाला ते समजले, तेव्हा कोणालाही समजेल. पेटंट हा सरकारने शोधकाशी केलेला सौदा असतो. सरकार म्हणते, तुझी युक्ती लपवू नकोस, सगळी उलगडून लिहून दे. त्या बदल्यात अमुक वर्षे ती तुझ्या परवानगीशिवाय कोणी वापरणार नाही. मुदत संपली की युक्ती सगळ्यांची. या सौद्याची पहिली अट अशी, की युक्ती नवी पाहिजे. जे लोकांकडे आधीपासून आहे, ते लोकांनाच विकता येत नाही. या आधीपासून असलेल्या सगळ्या साठ्याला आपण 'पूर्वज्ञान' म्हणू.

आपल्याकडे हा कायदा १८५६ साली आला. त्याखाली पहिला अर्ज केला कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंग यांनी, ३ मार्च १८५६ रोजी. शोध कसला? तर पंखा ओढण्याचे यंत्र! साहेबाच्या डोक्यावरचा पंखा दोरीने ओढत बसणाऱ्या माणसाचे काम यंत्राने करायचे. पुढे कायदे बदलत गेले आणि १९११ साली 'इंडियन पेटंट्स अँड डिझाइन्स अॅक्ट' आला. आपली गोष्ट या १९११ च्या कायद्याखाली घडते.

गंगेकाठचे मिर्झापूर हे उत्तर प्रदेशातले भांड्यांचे जुने गाव. तिथे 'हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज' नावाची भागीदारी पेढी पितळ आणि जर्मन सिल्व्हरची भांडी बनवत असे. ताटली किंवा कटोरा घडवला की तो लेथवर चढवून फिरवतात आणि फिरत्या भांड्याला हत्यार टेकवून तासतात, म्हणजे त्याला गुळगुळीतपणा आणि चकाकी येते. लेथचे जे टोक फिरते त्याला हेडस्टॉक म्हणतात. भांडे त्या टोकाला बसवलेले असे. अडचण ही की जुन्या रीतीत फिरता फिरता ते टोकावरून उडून जाई. वेगाने फिरणारी पितळेची ताटली सुटली तर समोर बसलेल्या कामगाराचे काय होईल, ते सांगायला नको.

पेढीचे एक भागीदार पुरुषोत्तम दास यांनी १९५१ साली यावर उपाय काढला. फिरत्या टोकासमोर लेथला दुसरे टोक असते, त्याला टेलस्टॉक म्हणतात. त्या बाजूने दाब देणारा दांडा आणायचा आणि इकडे भांड्याच्या मापाचा ठोकळा बसवायचा. मग भांडे दोन्हींच्या मध्ये दाबून पकडायचे. भांडे उडायचे थांबले, कामाला वेग आला, सफाई आली. पेढीने पेटंटसाठी अर्ज केला. ६ मे १९५३ रोजी पेटंट मिळाले, क्रमांक ४६३६८. ते लागू धरले गेले १३ डिसेंबर १९५१ पासून. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

दरम्यान, सप्टेंबर १९५२ मध्ये पेढीला कळले की गावातलीच दुसरी पेढी, 'बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम', हीच रीत वापरते आहे. नोटीस गेली, मग अलाहाबादच्या जिल्हा न्यायालयात दावा. मनाई हुकूम द्या आणि नुकसानभरपाई द्या, अशी मागणी. दुसऱ्या पेढीने उत्तर दिले ते मुळावरच घाव घालणारे. आम्ही तुमची नक्कल केली की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा, म्हणाले, तुमच्या पेटंटमध्ये नवे काही नाहीच, ते रद्द करा. त्यांनी तसा वेगळा अर्ज उच्च न्यायालयात केला आणि मूळ दावाही तिकडेच गेला.

पुढचा प्रवास लंबकासारखा आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी पेटंट रद्द केले. त्यावर अपील झाले, तेव्हा त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो निर्णय फिरवला आणि पेटंट वैध ठरवले. मग प्रकरण दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे न्यायमूर्ती रणजितसिंग सरकारिया यांनी निकालपत्र लिहिले. खंडपीठाचा निर्णय बाजूला सारून पहिल्या न्यायमूर्तींचे म्हणणे त्यांनी पुन्हा उभे केले. पेटंट रद्द.

कारण काय? लेथ जुना, हेडस्टॉक जुने, टेलस्टॉकही जुने. फिरणारी वस्तू दोन टोकांच्या मध्ये धरायची ही कल्पना तर फारच जुनी. लाकूड कातणारे कातारी कितीतरी पिढ्या तेच करत आले. न्यायालयाने म्हटले त्याचा मराठीत सारांश असा, की भांडी तासण्याच्या पारंपरिक कामाला अनेक दशके माहीत असलेले साधन किंचित फरक करून जोडले आहे. ही कारखान्यात रोजच्या कामात होत राहणारी सुधारणा झाली. जाणत्या कारागिराच्या आवाक्याबाहेरचे असे तिच्यात काही नाही.

न्यायालयाने एक कसोटीही सांगितली. ती मला फार आवडते, कारण तिच्यात शिक्षकाला ओळखीचे काहीतरी आहे. एक जाणता कारागीर किंवा अभियंता कल्पा. निव्वळ सांगितले तेवढे काम करणारा हातकामगार नको. त्याच्याकडे त्या काळचे सर्वसाधारण ज्ञान आहे आणि त्याला तीच अडचण आली आहे जी शोधकाला आली होती. पण शोधकाने काढलेला उपाय मात्र त्याला माहीत नाही. आता त्याच्या हातात जुना कागद द्या. तो वाचून त्याने म्हटले असते का, की मला हवे ते यातच आहे? म्हटले असते, तर तो शोध शोध नव्हे.

यातली 'उपाय माहीत नाही' ही अट सगळ्यात मोलाची. फळ्यावर गणित सोडवून दाखवले की मागच्या बाकावरचा मुलगासुद्धा म्हणतो, "सर, हे तर सोपं होतं!" सोपे आता झाले. खडू हातात घेण्यापूर्वी ते सोपे होते का, हे विचारायचे असते. एकदा उत्तर पाहिले की न पाहिल्यासारखे विचार करणे महाकठीण. एकाच पुराव्यावर एका न्यायमूर्तींना उपाय सोपा वाटला, खंडपीठाला वाटला नाही आणि वरच्या न्यायालयाला पुन्हा वाटला. मला यात न्यायालयाचा गोंधळ दिसत नाही, प्रश्नाची कठीणता दिसते.

म्हणजे धरण्याच्या युक्तीला पेटंट कधीच मिळू नये, असे का? तसेही नाही. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट यांना १५ नोव्हेंबर १९०४ रोजी दाढीच्या वस्तऱ्याचे पेटंट मिळाले. सुरक्षित वस्तरे त्याआधीही होते. काम्फे बंधूंनी १८८० मध्येच तसा वस्तरा आणला होता. पण त्यातले पाते जाड, घडवलेले आणि वारंवार धार लावावी लागणारे. जिलेटने पोलादाच्या पत्र्यासारखे पातळ पाते घेतले, बोटाने वाकवले तर वाकणारे. अशा पात्याने दाढी होणे शक्यच नाही. पण तेच पाते खालच्या आणि वरच्या तुकड्यांच्या मध्ये दाबून आवळले की ते ताठ होते. म्हणजे पात्याला जो ताठपणा हवा तो पात्यात नाहीच, तो पकडीने दिला. पाते पातळ झाले म्हणून स्वस्त झाले, स्वस्त झाले म्हणून बोथट झाल्यावर टाकून देता आले. पाते होते, दांडी होती, स्क्रूही होता. पण ते एकमेकांना असे काही लागू पडले की आधी नसलेले काहीतरी निर्माण झाले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हे दार उघडे ठेवले आहे. जुन्या गोष्टी एकत्र करूनही नवा शोध होऊ शकतो, पण त्या एकमेकींच्या संगतीने काही नवे किंवा अधिक चांगले फळ देणाऱ्या हव्यात आणि त्या जोडणीमागे कल्पकता हवी. नुसते शेजारी शेजारी ठेवणे पुरत नाही. एका ताटात वाढलेले भात, भाजी आणि वरण म्हणजे नवा पदार्थ नव्हे. तेच डाळ-तांदूळ एकत्र शिजले तर खिचडी होते.

आता त्या तारखेकडे वळू. पेटंट लागू झाले १३ डिसेंबर १९५१ रोजी. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १३ डिसेंबर १९७८ रोजी. बरोबर सत्तावीस वर्षे, एक दिवस कमी नाही की जास्त नाही. तेव्हाच्या कायद्यात पेटंटची मुदत सोळा वर्षांची होती. म्हणजे हे पेटंट टिकले असते तरी १९६७ च्या डिसेंबरात त्याचे आयुष्य संपणार होते. ज्या झाडासाठी भांडण, ते झाड वाळून अकरा वर्षे झाल्यावर त्याच्या सावलीचा निवाडा झाला. मधल्या काळात पेटंटचा कायदाच नवा आला. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांचा अहवाल १९५९ चा, कायदा १९७० चा आणि अंमल २० एप्रिल १९७२ पासून. मिर्झापूरचा खटला मात्र जुन्या कायद्याने चालत राहिला.

पुरुषोत्तम दास यांच्याबद्दल मला सहानुभूती वाटते, हे लपवत नाही. कामगाराच्या तोंडावर ताटली उडू नये, ही गोष्ट लहान नव्हे. पण उपयोगी असणे हा एक पेपर आहे आणि नवे असणे हा दुसरा. पहिल्यात पैकीच्या पैकी मिळाले म्हणून दुसऱ्यात पास करता येत नाही. आणि केले असते तर काय झाले असते याचा विचार करा. मिर्झापूरमधल्या प्रत्येक लहान लेथवाल्याला, भांडे दोन टोकांत दाबून धरायला, एका पेढीची परवानगी लागली असती. धोका टाळायची सोय ज्याच्याकडे पैसे त्यालाच मिळाली असती. म्हणून निकाल मला योग्य वाटतो. पेटंटच्या खटल्यांत आजही त्याचा दाखला देतात, तो उगाच नाही.

त्या निकालातली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पेटंट कार्यालयाने तपासून पेटंट दिले म्हणजे ते वैधच आहे, अशी हमी नसते. न्यायालयात ते पुन्हा तपासता येते. १९७० च्या कायद्यातही तसे स्पष्ट लिहिले आहे. शिक्क्याचा कागद पाहून गप्प बसायची आपल्याकडची सवय लक्षात घेता हे प्रत्येक कारागिराला ठाऊक असायला हवे.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, की आमच्या पातूरला याचे काय? पातूर म्हणजे अकोला-वाशीम रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. मागे डोंगर आणि पुढे कापूस, सोयाबीन, तूर. पेटंट कार्यालय तिकडे मुंबईत. पण प्रश्न आमच्या दारापर्यंत येतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वेल्डिंग आणि लेथचे लहानसे दुकान आहे. ट्रॅक्टरच्या वखराची पास नट-बोल्टने आवळलेली असते. चिखलामातीने बोल्ट गंजतात, मग पास बदलायला अर्धा दिवस जातो. त्याने बोल्ट काढून टाकले आणि वाकवलेल्या पट्टीत निमुळती पाचर बसवली. जमीन पासेला मागे रेटते तशी पाचर आणखी घट्ट होते आणि उलट बाजूने हातोडीचा एक ठोका दिला की पास मोकळी. मला दाखवून तो म्हणाला, "सर, याचं पेटंट होईन का?"

मी त्याला मिर्झापूरची गोष्ट सांगितली. पाचर जुनी, पट्टी जुनी. दोघींनी मिळून जाणत्या कारागिराला सुचणार नाही असे काही साधले आहे का, हे तपासावे लागेल. मग विचारले, "कोणाला दिलं का हे करून?" तर म्हणे, चौघांना विकले, दोन हंगाम झाले. इथे खरी अडचण आहे. अर्ज करण्याआधी आपणच वस्तू उघडपणे विकली तर आपलीच विक्री आपल्या विरुद्ध पूर्वज्ञान म्हणून उभी राहते. तो हिरमुसला. "मंग आपल्या हाती काहीच नाई का जी?"

हाती आहे, आणि हेच मला या लेखात सांगायचे आहे. पूर्वज्ञान ही दुधारी गोष्ट आहे. ते तुम्हाला मालक होऊ देत नाही, हे खरे. पण उद्या एखादी मोठी कंपनी तीच पाचर स्वतःच्या नावावर करून तुम्हालाच थांबवायला आली, तर तेच पूर्वज्ञान तुमची ढाल होते. अट एकच. माझ्याकडे हे आधी होते, एवढे म्हणून भागत नाही. कधी होते, कुठे होते आणि नेमके काय होते, हे दाखवावे लागते.

याची साक्ष आपल्याच महाराष्ट्रातून मिळते. कडुनिंबाच्या तेलाने पिकावरची बुरशी आवरण्याच्या पद्धतीवर १९९४ मध्ये युरोपच्या पेटंट कार्यालयाने पेटंट दिले. मिळाले ते अमेरिकेचे कृषी खाते आणि 'डब्ल्यू. आर. ग्रेस' ही कंपनी यांना. १९९५ मध्ये वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या माग्दा आल्व्हूट आणि सेंद्रिय शेतीच्या जागतिक संघटनेच्या लिंडा बुलार्ड यांनी त्याला हरकत घेतली. म्युनिकमध्ये सुनावणी झाली. आता गंमत पाहा. भारतात निंब हजारो वर्षे वापरतात, हे सगळ्या जगाला माहीत. पण तेवढ्याने भागले नाही. निर्णयात जे ठोसपणे मोजले गेले, ते होते पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात शेतांवर झालेले प्रयोग. जागा सांगता आली, साल सांगता आले, काय फवारले ते सांगता आले. १० मे २००० रोजी पेटंट रद्द झाले. पेटंटधारकांनी अपील केले, ते ८ मार्च २००५ रोजी फेटाळले गेले. हजारो वर्षांच्या परंपरेचे जड पारडे, पण ते खाली टेकायला दोन उन्हाळ्यांची नोंद लागली.

हळदीची गोष्ट तर सगळ्यांनीच ऐकली असेल. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ऑक्टोबर १९९६ मध्ये त्याला आव्हान दिले. तिचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेल गावचे, मुंबईत शिकलेले. तिथे अडचण निराळी होती. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला नुसता वापर पूर्वज्ञान म्हणून धरतच नसत. तो कुठेतरी छापलेला किंवा पेटंट घेतलेला असावा लागे. म्हणजे बोट कापल्यावर आईने हळद दाबली, हे भारतातल्या कोट्यवधी घरांतले सत्य तिथे पुरावा म्हणून शून्य! परिषदेने बत्तीस लेखी संदर्भ पुढे ठेवले. त्यात जुने ग्रंथ होते, तसा भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट टिकणार नाही असा निर्णय आला. अमेरिकेने तो नियम पुढे बदलला. मार्च २०१३ पासून जगात कुठेही लोकांपुढे उघड असलेले ज्ञान तिथे धरतात. पण ते सिद्ध करायचे ओझे उरतेच.

आपला कायदा याबाबत अधिक उदार आहे. २००२ च्या दुरुस्तीने त्यात एक तरतूद आली. स्थानिक किंवा मूळनिवासी समाजात तोंडी वा अन्य रूपात असलेल्या ज्ञानातच एखादा शोध आधीपासून असेल, तर त्यावर हरकत घेता येते आणि मिळालेले पेटंट रद्दही करून घेता येते. 'तोंडी' हा शब्द कायद्यात आला, हे मला फार मोठे वाटते. लोहार-सुतारांची, वैदूंची, सुईणींची सगळी विद्या तोंडीच तर होती. पण तोंडी ज्ञान सांगणारे तोंड तर जिवंत पाहिजे! सांगणारा गेला की कायद्यातला शब्द कोणाच्या साक्षीने वापरणार?

हळदीच्या अनुभवानंतर २००१ पासून सरकारने आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांतले नुस्खे परदेशी भाषांत आणून पारंपरिक ज्ञानाचे मोठे संगणकीय ग्रंथालय उभे केले. निरनिराळ्या देशांचे पेटंट परीक्षक त्यात पाहतात. अहमदाबादला २००० मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान खेड्यापाड्यांतल्या कारागिरांच्या युक्त्या नोंदवून घेते. ही चांगली कामे आहेत. पण ग्रंथालयात मुख्यतः औषधे आली, कारण ती पोथ्यांत लिहिलेली होती. वखराची पास कशी आवळायची हे कुठल्या पोथीत असणार? आणि प्रतिष्ठानापर्यंत प्रत्येक गावातला प्रत्येक लोहार कसा पोचणार?

आज आमच्या शिवारात बैलाचा वखर क्वचित दिसतो. शाळेतल्या मुलांना रुमणे म्हणजे काय ते माहीत नाही, तो त्यांचा दोष नव्हे. अवजार गेले की त्याच्या भागांची नावे जातात आणि नावे गेली की तो भाग तसा का केला होता, ते कारणही जाते. मग उद्या कोणी तेच कारण नव्याने शोधून पेटंट घेतले, तर आपण फक्त म्हणू की हे तर आमच्या आजोबांच्या वखरात होते. मिर्झापूरच्या दुसऱ्या पेढीला न्यायालयात एवढेच म्हणून चालले नसते. लेथ आणि टेलस्टॉक जगाच्या पुस्तकांत होते, कारखान्याकारखान्यांत उभे होते, म्हणून ती जिंकली.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी एक दोनशे पानी वही आणायला लावली. पहिल्या पानावर त्याने पाचरेची आकृती काढली, मापे घातली. पट्टी कुठल्या जाडीची, पाचरेला उतार किती, आधी काय केले होते आणि ते का जमले नाही, हे त्याच्या भाषेत लिहिले. ज्या चौघांना विकले त्यांच्या पावत्यांच्या नकला चिकटवल्या. मोबाइलवर फोटो काढून ठेवले. दुसऱ्या पानावर त्याच्या वडिलांच्या भात्याजवळची एक युक्ती आली, तिसऱ्यावर शेजारच्या सुतारकाकांची. वही आता अर्धी भरत आली आहे. यातले एकही पान पेटंटच्या लायकीचे नसेल कदाचित. पण यातल्या कोणत्याही पानावर दुसऱ्या कोणाला पेटंट घेणे आता तितकेसे सोपे राहिलेले नाही.

आपल्याही गावात असा एखादा लोहार, सुतार, मोटार वाइंडिंगवाला, पंप दुरुस्त करणारा असेल. त्याच्याजवळ अर्धा तास बसा आणि तो काय करतो ते विचारून लिहून घ्या. शब्द त्याचेच ठेवा. शुद्धलेखनाची चिंता करू नका, ते मी तपासणार नाही. फक्त पानाच्या उजव्या कोपऱ्यात तारीख घाला, आणि खाली त्याची सही घ्या.